पेशी मोजताना राहून गेलेले यकृत

यकृताला स्वतःला दुखत नाही. सव्वा-दीड किलो वजनाच्या या अवयवाच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. त्यामुळे त्यात वर्षानुवर्षे चरबी साठते, गाठ वाढते, विषाणू मुक्काम ठोकून राहतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. दुखते ते यकृतावरचे पातळ, चिवट आवरण. यकृत सुजून ते आवरण ताणले गेले, किंवा यकृत आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, की उजव्या बरगडीखाली जड, बोथट दुखू लागते. आवरण फाटून रक्त पोटात उतरले आणि श्वासपटलाला भिडले, तर कधी कधी उजवा खांदा दुखतो, कारण श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या त्वचेच्या नसा मानेच्या मणक्यांतून जवळपास एकाच पातळीवर निघतात. खांदा दुखतो म्हणून यकृत तपासून घ्यायचे कोणाच्याही डोक्यात येत नाही. डेंग्यूच्या तापात तर नाहीच, कारण त्या तापात अंगाचा कोणता भाग दुखत नाही हेच विचारावे लागते.

डेंग्यूमध्ये यकृताच्या आत किंवा यकृतातून पोटात रक्तस्राव होणे ही अत्यंत विरळ गुंतागुंत आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. देशात २०२३ साली डेंग्यूचे सुमारे २ लाख ८९ हजार रुग्ण सरकारदरबारी नोंदले गेले. त्यांतले बहुतेक आठवड्या-दहा दिवसांत उठून कामाला लागले. यकृताच्या आवरणाखाली रक्त साचल्याच्या किंवा यकृत फाटल्याच्या ज्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येतात, त्या एकेकट्या रुग्णांच्या असतात. डेंग्यू झालेल्या प्रत्येकाने यकृत फुटण्याची धास्ती घ्यावी, असे इथे मुळीच सुचवायचे नाही. पण ही गुंतागुंत ज्या खुणांनी स्वतःची चाहूल देते, त्याच खुणा डेंग्यूच्या इतर आणि कितीतरी अधिक वेळा येणाऱ्या गंभीर वळणांच्याही आहेत. रुग्णाचे नातेवाईक, गल्लीतले दवाखाने, लॅब, वर्तमानपत्रे अशा सगळ्यांनी मिळून डेंग्यूकडे पाहण्याची जी सवय लावून घेतली आहे, तिच्यात नेमक्या या खुणा बसत नाहीत. आपण पेशी, म्हणजे प्लेटलेट, मोजतो. पोटाकडे कोणी बघत नाही.

डेंग्यूचा विषाणू हा पीतज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. दोघांचे कूळ एक, आणि माणसामाणसांत त्यांची ने-आण करणारा एडिस इजिप्ती डासही एकच. पीतज्वर उघडउघड यकृतावर हल्ला करतो. डेंग्यू तितका निर्दय नसतो, पण यकृताला तो सोडतही नाही. डेंग्यूच्या बहुसंख्य रुग्णांत यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे वाढलेले सापडतात. नेहमीच्या काविळीत एसजीपीटी वरचढ असते. डेंग्यूत उलट एसजीओटी अधिक चढते, कारण ते स्नायूंतूनही रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणानुसार या दोहोंपैकी एक आकडा १००० वर पोहोचला की तो डेंग्यू गंभीर धरला जातो, मग प्लेटलेट कितीही असोत. दगावलेल्या रुग्णांच्या यकृतात सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशींचे जे गोल गुलाबी कण दिसतात, ते विल्यम काउन्सिलमन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १८९० मध्ये पीतज्वराच्या संदर्भात वर्णिलेल्या कणांसारखेच असतात.

यकृत दुखावले की रक्त गोठण्यावर परिणाम होतो. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने तिथेच तयार होतात, आणि त्यांतल्या सातव्या क्रमांकाच्या घटकाचे रक्तातले आयुष्य अवघे काही तासांचे. प्लेटलेट बनवण्याचा निरोप अस्थिमज्जेला देणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरकही मुख्यतः यकृतातच बनते. म्हणजे प्लेटलेटचा जो आकडा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो, त्याचीही एक दोरी यकृताच्या हातात आहे. त्यात डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर झिजवते. पहिल्या चार-पाच दिवसांत तपासणीत पॉझिटिव्ह येते ते हेच एनएस-१. अस्तर गळके, प्लेटलेट कमी आणि ज्या उरल्या त्यांचेही काम मंद, गोठवणारी प्रथिने अपुरी, आणि या सगळ्याच्या मधोमध मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त ज्यातून वाहते असे सुजलेले यकृत. अशा अवस्थेत वारंवार येणारे उलटीचे उमाळे, पोटावर जोराने दाबले जाणे, घेरी येऊन पडणे, एवढे क्षुल्लक निमित्तही पुरत असावे. काही नोंदींत तर कसलेच निमित्त सापडलेले नाही. पाणथरीची म्हणजे प्लीहेची कथाही अशीच आहे; डेंग्यूत ती फुटल्याच्या नोंदी यकृतापेक्षा अधिक आढळतात.

आता सवयीकडे वळू. पावसाळा सरता सरता महाराष्ट्रातल्या कोणत्याही खासगी रुग्णालयात जा, डेंग्यूच्या रुग्णाची विचारपूस एकाच प्रश्नाने होते: पेशी किती? काही घरांत त्यांना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, वास्तविक पांढऱ्या पेशी वेगळ्या. सकाळी चाळीस हजार, संध्याकाळी बत्तीस हजार, असे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात, गावाकडून फोन येतात, कोणी पपईच्या पानांचा रस पाठवतो, कोणी किवी. पंचवीस हजारांच्या खाली आकडा आला की रक्तपेढीकडे धाव आणि प्लेटलेटच्या 'जम्बो पॅक'साठी दाते शोधण्याची धांदल. या धावपळीतल्या माणुसकीबद्दल शंका नाही. तिचा रुग्णाला उपयोग किती, हा प्रश्न मात्र विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर उपलब्धही आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी डेंग्यूच्या ३७२ प्रौढ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. या सगळ्यांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. चढवलेल्यांपैकी २१ टक्क्यांना रक्तस्राव झाला, न चढवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. उलट अंगावर पित्त उठणे, तीव्र ॲलर्जी, शरीरात द्रव जादा होणे असे त्रास प्लेटलेट घेतलेल्यांत स्पष्टपणे अधिक आढळले. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट द्यायच्या तर आकडा दहा हजारांच्या खाली गेल्यावरच, असे सांगतात. पंधरा हजार प्लेटलेट असलेला रुग्ण शांतपणे जेवत असतो आणि साठ हजार असलेला शॉकमध्ये जातो, हे डेंग्यूचा वॉर्ड सांभाळणाऱ्या कोणत्याही निवासी डॉक्टरला ठाऊक असते. नातेवाइकांना ते पटवून देण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, आणि प्लेटलेट न चढवता काही बरेवाईट झाले तर जमाव कोणाला जाब विचारेल याचीही त्याला कल्पना असते.

प्लेटलेटच्या त्याच कागदावर, दोन-चार ओळी वर, दुसरा एक आकडा असतो. त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. काही लॅब 'पीसीव्ही' लिहितात. रक्ताच्या एकूण आकारमानात लाल पेशींचा वाटा किती टक्के, हे तो सांगतो. डेंग्यूतला खरा धोका बहुतेक वेळा रक्त वाहून जाण्याचा नसून रक्तातला पाण्याचा अंश वाहिन्यांबाहेर झिरपण्याचा असतो. दही फडक्यात टांगल्यावर पाणी गळून चक्का घट्ट होतो, तसे रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट चढते. ४० चा आकडा ४८ झाला, म्हणजे मूळच्या २० टक्क्यांनी वाढला, तर गळती मोठी आहे असे समजतात. रक्तस्रावात याच्या उलट घडते. लाल पेशीच बाहेर जातात आणि हिमॅटोक्रिट उतरते. इथपर्यंत सगळे सरळ आहे. अडचण येते ती दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा. पाणी झिरपून ४८ ला गेलेला आकडा यकृतातून किंवा आतड्यातून रक्त गेल्यामुळे पुन्हा ४० वर येतो. कागदावर तो नॉर्मल. नातेवाईक सुस्कारा टाकतात, रात्रपाळीचा नवा डॉक्टर फाइल चाळून पुढच्या खाटेकडे वळतो. रुग्ण मात्र दोन्ही बाजूंनी रिता होत असतो.

हिमॅटोक्रिट उतरण्याचे आणखी दोन अर्थ असतात. झिरपलेले पाणी परत रक्तात येऊ लागले, म्हणजे रुग्ण सुधारतो आहे, तरी तो उतरतो. सलाईन भरमसाट चढवली तरी उतरतो. तीन अर्थांतला खरा कोणता, हे कागद सांगत नाही. खाटेवरचा माणूस सांगतो. सुधारणारा रुग्ण खायला मागतो, त्याला लघवी भरपूर होते, हात-पाय उबदार असतात. आतल्या आत रक्त जाणाऱ्याचे तळवे गार पडतात, नाडी धावते, तो अस्वस्थपणे कूस बदलतो किंवा गुंगतो, पोट ताठरते, वरचे आणि खालचे बीपी एकमेकांजवळ येऊ लागते. या दोन आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला की तो शॉक समजायचा, वरचे बीपी शंभर असले तरी. अशा रुग्णाला गळतीचाच रुग्ण समजून सलाईनचा वेग वाढवत नेला, तर उरलेसुरले रक्त पातळ होते आणि गोठणे आणखी बिघडते. त्याला त्या वेळी रक्त हवे असते, लाल पेशींचे. नातेवाईक तोवर प्लेटलेटचे दाते शोधत असतात.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या बाईचे हिमॅटोक्रिट एरवी ३० असते, तिचे डेंग्यूत ३६ झाले तर ती वीस टक्क्यांची वाढ आहे, धोक्याची आहे. लॅबच्या कागदावर तो आकडा ठळक अक्षरांत येण्याऐवजी पहिल्यांदाच 'नॉर्मल'च्या रांगेत जाऊन बसतो. तिच्यात रक्तस्राव पेलण्याइतकी शिल्लकही नसते. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतली एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, म्हणूनच मोलाची. पुढच्या सगळ्या आकड्यांना टेकू तिचाच मिळतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत कोडे अधिक अवघड होते. गरोदरपणात रक्तदाबातून उद्भवणाऱ्या 'हेल्प' नावाच्या विकारातही प्लेटलेट उतरतात, एसजीओटी चढते, उजव्या बरगडीखाली दुखते, आणि यकृत फाटण्याचा धोका तिथे खराखुरा असतो. पावसाळ्यात तिच्या अशा लक्षणांवर डेंग्यूचा शिक्का मारून मोकळे होणे हा दोघांच्या जिवाशी खेळ आहे.

या सगळ्याचे वेळापत्रक मात्र बऱ्यापैकी ठरलेले असते, आणि इथेच सामान्य माणसाला काही करता येण्यासारखे आहे. ताप दोन ते सात दिवस राहतो. तो उतरतो त्या सुमारास पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वांत नाजूक असतात. घरात मात्र त्याच दिवशी सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. पोरगा शाळेत जातो म्हणतो, कामगार हजेरी बुडू नये म्हणून पाळीला निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याच्या ज्या खुणा ठरवल्या आहेत, त्यांत पहिलीच पोटदुखीची किंवा पोट दाबल्यावर दुखण्याची आहे. त्यापाठोपाठ थांबत नाहीत अशा उलट्या, पोटात किंवा छातीत पाणी साठणे, हिरड्या-नाकातून किंवा इतर श्लेष्मल त्वचेतून रक्त, सुस्ती किंवा तळमळ, दोन सेंटीमीटरहून अधिक वाढलेले यकृत, आणि प्लेटलेट झपाट्याने घसरत असतानाच हिमॅटोक्रिट चढणे. प्लेटलेट या यादीत आहेत, पण हिमॅटोक्रिटच्या जोडीने. एकट्या प्लेटलेटला त्यात जागा नाही.

पोटदुखीला आपल्याकडे ॲसिडिटी म्हणतात. तिच्यावर गोळ्या असतात, इंजेक्शने असतात, आणि टाळण्याजोगे नुकसान सुरू होते ते इथूनच. ताप आला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आयबुप्रोफेन मिसळलेली गोळी येते, अंगदुखीला डायक्लोफेनॅक, लवकर उतारा पडावा म्हणून दवाखान्यात कमरेत एक सुई, क्वचित सोबत स्टेरॉइड. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्लेटलेटचे काम अडवतात आणि जठराचे अस्तर खरवडतात. डेंग्यूची शंका असताना ती वर्ज्य आहेत, आणि स्नायूत सुई टोचणेही. सुई टोचल्या जागी मुठीएवढी काळीनिळी गाठ घेऊन आलेले रुग्ण डेंग्यूच्या हंगामात नवे नाहीत. निमेसुलाइड यकृताला बाधते म्हणून सरकारने बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. मोठ्यांच्या हाती ते आजही सर्रास पडते. पॅरासिटामॉल तेवढे चालते, तेही सहा तासांच्या आत दुसरी गोळी नाही, या अटीवर. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते हे लक्षात न घेता दोन-तीन ब्रँड एकत्र घेणारा माणूस आधीच सुजलेल्या यकृतावर आणखी बोजा टाकतो. डोळे पिवळे दिसले की काविळीची माळ आणि झाडपाल्याचा काढा. डेंग्यूत कावीळ तशी कमी दिसते. दिसली तर यकृत बरेच दुखावले आहे असे समजावे, आणि त्या दिवशी काढा देणाऱ्याच्या दारात घालवलेला वेळ परत मिळत नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावरही फसगत संपत नाही. गंभीर डेंग्यूत सोनोग्राफीवर पोटात पाणी दिसते आणि पित्ताशयाची भिंत जाड दिसते. गळतीमुळे हे होते आणि आपोआप ओसरते. पण ताप, उजवीकडे दुखणे आणि जाड पित्ताशय एवढ्यावरून पित्ताशयाला सूज आली आहे असा निष्कर्ष काढून, किंवा अपेंडिक्स समजून, डेंग्यूच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. उलट दिशेची चूक अशी की पोटातला द्रव म्हणजे डेंग्यूचे नेहमीचे पाणी असे गृहीत धरले जाते आणि ते रक्त असते. साध्या सोनोग्राफीवर दोन्हींतला फरक दर वेळी कळत नाही. हिमॅटोक्रिटचा कल आणि रुग्णाची नाडी शंका घेण्यास भाग पाडत असतील, तर औषध सोडून केलेला सीटी स्कॅन निर्णायक ठरतो. सुई घालून पाहण्याचा मोह आवरलेला बरा.

रक्त यकृताच्या आवरणाखालीच अडून राहिले आणि रुग्ण स्थिर असला, तर पुष्कळदा काहीच न करता पाळत ठेवणे हाच उत्तम उपचार ठरतो. रक्त, प्लाझ्मा, गरज पडल्यास क्रायोप्रेसिपिटेट, आणि अशा वेळी मात्र प्लेटलेटही. दर काही तासांनी तपासणी. रक्त वाहतच राहिले, तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन गळणारी वाहिनी आतूनच बुजवतात. पोट उघडणे हा शेवटचा मार्ग, कारण ज्याचे रक्त गोठत नाही त्याच्या पोटावर सुरी चालवणे म्हणजे आणखी एक जखम करणे. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये यकृताकडे जाणाऱ्या वाहिन्या चिमटीत धरून रक्तस्राव आवरण्याची रीत नोंदवली. सर्जन आजही तिच्यापासूनच सुरुवात करतात आणि मग यकृताभोवती कापडी पॅड गच्च बसवून रुग्णाला अतिदक्षता विभागात परत नेतात. वाहिनी आतून बुजवणारे रेडिओलॉजिस्ट आणि त्यांची यंत्रे मात्र मोठ्या शहरांतच सापडतात. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण अशा वेळी गोव्यात बांबोळीची वाट धरतो. घाटमाथ्यावरच्या किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून निघालेल्याचे कित्येक तास रस्त्यातच जातात. शंका लवकर येणे इतके महत्त्वाचे का, ते या अंतरावरून कळावे.

दोडामार्गचे नाव आलेच आहे तर माकडतापाबद्दलही दोन शब्द. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरून पडू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या विषाणूचा छडा लावला. तोही डेंग्यू-पीतज्वराच्याच कुळातला, पण गोचिडीमार्फत येणारा. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आढळला. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना तो गाठतो. त्यातही प्लेटलेट उतरतात, यकृत दुखावते, काहींना रक्तस्राव होतो. तिथल्या दवाखान्यात जानेवारी-फेब्रुवारीत आलेला असा ताप डेंग्यूचा नाही म्हणून सोडून देता येत नाही.

विषाणू आणि यकृतातला रक्तस्राव यांचे नाते तापाशिवायही जुळते, आणि माणसांच्या संख्येचा हिशेब मांडला तर तेच नाते मोठे आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळात आला, तर नव्वद टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. चाळीस-पन्नास वर्षे काहीही जाणवत नाही. मग एके दिवशी त्या यकृतात वाढलेली कर्करोगाची गाठ फुटते आणि पोटात रक्त उतरते. आशियातल्या जुन्या रुग्णमालिकांत यकृताच्या कर्करोगाच्या शंभरातल्या तीन ते पंधरा रुग्णांत गाठ फुटल्याचे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोक हिपॅटायटिस बी बाळगून होते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिलेली लस ही साखळी बऱ्याच अंशी तोडते. डेंग्यूच्या प्लेटलेटवर आपण जेवढी चर्चा करतो, तिच्या दशांशानेही ही लस वेळेवर मिळाली का याची विचारपूस होत नाही. बातमी होण्याइतके तिच्यात काही घडत नाही, एवढेच त्याचे कारण.

डेंग्यूत यकृतातून होणारा रक्तस्राव विरळ म्हणजे किती विरळ, या प्रश्नाला माझ्या मते पुरेसे प्रामाणिक उत्तर देण्याची आपली तयारी नाही. एकेका रुग्णाच्या नोंदी छापून येतात त्या मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतून, जिथे सीटी झाला, निदान झाले आणि बहुधा रुग्ण वाचला. जिल्ह्याच्या गावी पहाटे तीन वाजता शॉकमध्ये गेलेल्याचे पोट कोणी पाहिलेले नसते. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'डेंग्यू शॉक' किंवा 'अनेक अवयव निकामी' एवढेच उतरते, आणि शवविच्छेदन अशा मृत्यूंत क्वचितच होते. या बाबतीत १९३० च्या दशकातला ब्राझील आपल्या पुढे होता. तिथे पीतज्वर शहरांतून हटला असे वाटत असताना रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने एक कठोर पद्धत लागू झाली: थोड्या दिवसांच्या तापाने कोणी दगावले, तर दफनाआधी 'व्हिसेरोटोम' नावाच्या साध्या अवजाराने यकृताचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेकडे पाठवायचा. लोकांचा विरोध झाला, तो स्वाभाविकच होता. पण एडिस इजिप्ती डासाचा मागमूस नसलेल्या गावांतही माणसे पीतज्वराने मरत आहेत, जंगल हा या रोगाचा कायमचा अड्डा आहे, हे उघड व्हायला त्या तुकड्यांचा मोठा हातभार लागला. आज तशा सक्तीची कोणी कल्पनाही करू नये. पण नातेवाइकांच्या संमतीने सुईद्वारे अवयवांचे नमुने घेण्याची पद्धत आता उपलब्ध आहे, शरीराची चिरफाड न करता ती होते, आणि डेंग्यूच्या मृत्यूंचे परीक्षण करणाऱ्या समित्यांनी प्लेटलेटच्या आलेखाबरोबर हिमॅटोक्रिटचा आलेख, पोटाची नोंद आणि रुग्णाने आधी घेतलेल्या गोळ्यांची यादी मागायला तर काही खर्चही येत नाही.

तोवर वाचकांकडे एक मागणे आहे. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल, तर ताप उतरल्या दिवसापासून दोन दिवस त्याला एकटे सोडू नका. उजव्या बरगडीखाली किंवा पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हात-पाय गार पडले, किंवा दहा-बारा तासांत लघवीच झाली नाही, तर रात्र असली तरी सोनोग्राफी आणि रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि तापाच्या पहिल्या दिवसांतली सीबीसी बरोबर घ्या. आणि डॉक्टरांना आधी पोटाबद्दल सांगा. प्लेटलेटचा आकडा त्यांना कागदावर दिसेलच.